संविधानाचा तास वर्कशॉपमध्ये न्या

प्रश्न विचारणाऱ्या ताई राज्यशास्त्रात एम.ए. आहेत आणि तालुक्याच्या आयटीआयमध्ये तासिका तत्त्वावर एम्प्लॉयबिलिटी स्किल्स शिकवायला लागल्या आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: संविधानिक मूल्यं आणि नागरिकत्व हा भाग सुरू केला की मुलं विचारतात, ‘मॅडम, हे किती मार्काला आहे?’ जोडारी (फिटर) व्यवसाय शिकवणारे निदेशक म्हणतात, ‘आधी त्यांच्या हाताला काम येऊ द्या, बाकीचं नंतर.’ मग व्यवसाय शिक्षणातून लोकशाहीचा नागरिक खरंच घडतो, की अभ्यासक्रमात लिहायचं म्हणून ते लिहिलेलं आहे?

ताई, मी शासकीय आयटीआयमध्ये आधी जोडारी व्यवसायाचा शिल्प निदेशक होतो, पुढे गट निदेशक झालो. त्यामुळे वर्कशॉपच्या बाजूने उत्तर देतो.

तुम्हाला हा प्रश्न तुमच्या तासाचा वाटतो आहे. मला तो वर्कशॉपचा वाटतो. प्रशिक्षणार्थी आठवड्यात थोडेच तास तुमच्यासमोर बसतो आणि उरलेला बहुतेक वेळ व्हाइससमोर (जॉब घट्ट धरणारा शिकंजा), लेथवर किंवा वायरिंगच्या बोर्डापुढे उभा असतो. अधिकार कशाला म्हणतात, नियम कोणासाठी असतो, वरच्याला प्रश्न विचारला तर काय होतं, आपल्या शब्दाला वजन आहे की नाही, हे सगळं तो तिथे रोज शिकतो. कोणी मुद्दाम शिकवो वा न शिकवो, ते शिक्षण चालूच असतं. तुमच्या तासात ‘समानता’ लिहून घेतली आणि वर्कशॉपमध्ये नवं हत्यार नेहमी त्याच दोघांना मिळालं, तर मुलगा वर्कशॉपवरच विश्वास ठेवणार. म्हणून मूल्यं हवीत की कौशल्य, हा वाद मला खोटा वाटतो. कौशल्य शिकवण्याची आपली रीत मुलाला नागरिक म्हणून उभं करते की वाकवते, हे तपासावं लागेल.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. आयटीआयमध्ये पूर्वी सामाजिक शास्त्र नावाचा विषय होता. २०१२ मध्ये त्याची जागा एम्प्लॉयबिलिटी स्किल्सने घेतली. नावातच नोकरी आली आणि नागरिक मागे पडला, अशी माझी तेव्हाची भावना होती आणि आजही ती पूर्ण गेलेली नाही. पुढे २०२२ च्या सुधारित अभ्यासक्रमात ‘संविधानिक मूल्ये – नागरिकत्व’, ‘विविधता आणि समावेशन’, ‘आर्थिक आणि कायदेविषयक साक्षरता’ असे घटक आले, ही चांगली गोष्ट झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या ४३४ आयटीआयमध्ये संविधानाची ओळख करून देणारी ‘संविधान मंदिरं’ सुरू झाली. तुमच्या संस्थेतही उद्देशिकेची पाटी लागलेली असेल. म्हणजे कागदावर आणि भिंतीवर जागा मिळालेली आहे.

पण नुसती जागा आणि तास वाढवून भागत नाही. स्वीडनमध्ये १९९० च्या दशकात दोन वर्षांचे व्यवसाय अभ्यासक्रम तीन वर्षांचे केले आणि त्यांत सामाजिक शास्त्रासारखे सामान्य विषय वाढवले. व्यवसाय शाखेतली मुलं राजकीय सहभागात मागे पडतात, ती दरी भरून निघेल अशी अपेक्षा होती. नंतर अभ्यासकांनी तपासलं तेव्हा ती दरी फारशी मिटलेली दिसली नाही. ही दरी कुठून येते यावरही अभ्यासकांत मतभेद आहेत. व्यवसाय शाखेत मुळातच कमी शिकलेल्या, कमी मिळकतीच्या घरांतली मुलं जास्त येतात, त्यामुळे दोष शाखेचा की घरच्या परिस्थितीचा, हे सोडवून सांगणं अवघड असतं. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं, की विषयाचे तास हे औषध म्हणून अपुरे आहेत.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधीच कबूल करतो. तुम्ही तासिका तत्त्वावर आहात, म्हणजे वर्कशॉपची घडी बदलायचे अधिकार तुमच्या हातात नाहीत. प्राचार्य समजूतदार असतील तर बरंच करता येतं, नसतील तर थोडंच. चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्याजवळच्या आयटीआयमधल्या मुलाच्या डोळ्यांसमोर कंपनी असते. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या आतल्या तालुक्यातल्या मुलाच्या डोळ्यांसमोर ग्रामपंचायत, वनखातं आणि महावितरणचं उपकेंद्र असतं. खासगी आयटीआयमध्ये कित्येकदा यंत्रंच पुरेशी नसतात, तिथे हत्यारांच्या न्याय्य वाटपाची चर्चा कशाच्या जोरावर करणार? त्यामुळे मी सांगतो ते सगळीकडे जसंच्या तसं लागू होईल असं नाही. तुमच्या जागी जे जमेल ते उचला.

सुरुवात मापापासून करतो, कारण वर्कशॉपमधली सर्वांत लोकशाही वस्तू मला मायक्रोमीटर वाटते. ०.०१ मिलिमीटरपर्यंतचं माप तो दाखवतो आणि निदेशकाच्या हातात एक, मुलाच्या हातात दुसरं असं करत नाही. पहिल्या सत्रात मुलं जॉब, म्हणजे स्वतः घडवलेला भाग, घेऊन येतात आणि विचारतात, ‘सर, बरोबर आहे का?’ बहुतेक निदेशक जॉब हातात घेतात, नजर टाकतात आणि सांगून मोकळे होतात. मी काही वर्षांनी उत्तर देणं बंद केलं. ‘ड्रॉइंगवर काय लिहिलंय? तुझं माप किती आलं? मग तूच सांग,’ असं म्हणायचो. पुढे मुलांना एकमेकांचे जॉब तपासायला लावले. जॉबवर नाव नाही, फक्त क्रमांक. एकाने मापायचं, तक्त्यात लिहायचं. दुसऱ्याने तोच जॉब पुन्हा मापायचा. दोन आकडे जुळले नाहीत तर दोघांनी समोरासमोर बसून पुन्हा मापायचं. कोणाचा आवाज मोठा, कोण कुठल्या गावचा, कोणाचे वडील कोण, याला तिथे काही किंमत नाही. एकदा एका मुलाने मी ‘ओके’ केलेल्या जॉबचं माप चुकलंय हे मलाच पुन्हा मापून दाखवलं. मी वहीतली नोंद त्याच्यासमोर बदलली. त्या दिवसानंतर त्या तुकडीचं बोलणं बदललं. ‘सर म्हणाले’ कमी झालं आणि ‘माप असं आलं’ वाढलं.

नागरिकाला याहून वेगळं काय करायचं असतं? कुणीतरी सांगतं रस्ता चांगला झाला, कुणी सांगतं निधीच आला नाही, कुणाच्या मोबाइलवर काहीतरी फिरत येतं. अशा वेळी ‘ड्रॉइंगवर काय आहे आणि माप किती आलं’ हे विचारायची सवय ज्याच्या अंगात मुरलेली आहे, तो सहजासहजी फसत नाही. संविधानाच्या ५१क कलमात वैज्ञानिक दृष्टिकोन आणि चौकस बुद्धी वाढवणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून सांगितलं आहे. जोडारीच्या मुलाला तुम्ही हे कलम शिकवाल तेव्हा त्याच्या हातातला मायक्रोमीटर दाखवूनच शिकवा.

दुसरी गोष्ट हुकमाची. वर्कशॉपमध्ये शिस्त लागतेच. लेथचा चक (जॉब धरून फिरणारा भाग) फिरत असताना कोणी वाद घालत बसू शकत नाही. सैल बाही, उघडे केस, चष्म्याशिवाय ग्राइंडर, इथे ‘थांब’ म्हटलं की थांबायचं. पण मुलांना या हुकमामागचं कारण कळायला हवं आणि कुठला हुकूम कारणाशिवाय येतो आहे, हेही ओळखता यायला हवं. ‘मशीन चालू असताना ऐक, बंद झाल्यावर विचार’, असा आमचा नियम होता. निदेशकानेही चष्मा न घालता ग्राइंडरला हात लावला तर मुलाने थांबवायचं, आणि निदेशकाने थांबायचं. अधिकार नियमाखाली असतो, हे मुलांना यातून समजतं. याच ठिकाणी जर निदेशकाने ‘मला शिकवतोस?’ म्हटलं, तर तो मुलगा पुढे आयुष्यभर सुपरवायझरपुढे, सरपंचापुढे आणि नेत्यापुढे मान खाली घालून उभा राहण्याची शक्यता मोठी. व्यवसाय शिक्षण आज्ञाधारक माणूसही घडवू शकतं, हे विसरू नका. कित्येक मालकांना तसाच माणूस हवा असतो.

हा फक्त वर्कशॉपमधला शिष्टाचार नाही, तो कायद्यात आहे. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाना कायदा दुरुस्त झाला. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात सुरक्षा समितीमध्ये कामगारांचे आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी समान संख्येने असावेत, आणि जिवाला तातडीचा धोका दिसला तर कामगाराने तो व्यवस्थापनाच्या लक्षात आणून द्यावा, हा त्याचा हक्क असावा, हे त्या दुरुस्तीत आलं. नव्या श्रमसंहितेतही धोका दाखवून देण्याचा हक्क ठेवलेला आहे. भोपाळमध्ये इतक्या माणसांचे जीव गेल्यावर मिळालेला हा हक्क आहे. मुलांना तो सुरक्षेच्या पोस्टरमधली एक ओळ म्हणून कळू नये, असं मला फार मनापासून वाटतं.

तिसरी गोष्ट झाडूची. दिवस संपला की बेंच झाडायचे, धातूचा कीस (चिप्स) उचलायचा, तेल पुसायचं. हे कोण करतं, इकडे बारीक लक्ष ठेवा. मोकळं सोडलं तर काही आठवड्यांत ठरावीक मुलं झाडू उचलायला लागतात आणि ती कोण असतात हे सांगायची गरज नाही. मुली तुकडीत असतील तर झाडू त्यांच्याकडे सरकतो. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये म्हटलं होतं, की जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. आयटीआय ही व्यवस्था मोडायची फार मोठी संधी आहे. इथे कोणाच्याही घरातला मुलगा सुतारकामाला येतो, मुलगी वेल्डिंगला येते. व्यवसाय गुणांवर, आरक्षणावर आणि आवडीवर मिळतो, जन्मावर नाही. पण वर्कशॉपमध्ये झाडूची वाटणी जुन्याच रीतीने झाली, तर प्रवेशाच्या वेळी मोडलेली गोष्ट संध्याकाळी पुन्हा जोडली जाते. आमच्याकडे पाळीचा तक्ता भिंतीवर असायचा. त्यात निदेशकांचंही नाव असायचं आणि त्यांची पाळी कधी चुकवली जायची नाही.

हे आपल्याकडे नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, एकत्र जेवली आणि शेतात-बांधकामावर राबून शिकली. ‘कमवा व शिका’ हे आज योजनेचं नाव झालं आहे; मुळात एका पंगतीत बसणं आणि एका कुदळीने खणणं हेच तिथलं नागरिकशास्त्र होतं. वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी उद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली आणि झाकीर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. त्या आराखड्यात उद्योगाइतकंच नागरिकत्वालाही महत्त्व होतं. नई तालीम म्हणजे हीच उद्योगातून शिक्षणाची पद्धत; तिच्या सेवाग्रामच्या शाळेत मुलांची सभा भरत असे आणि मुलं कामाची जबाबदारी सांभाळायला आपले मंत्री निवडत. सूतकताई शिकवून स्वस्तातले कारागीर तयार करायचे, अशी टीका तेव्हाही झाली. त्या टीकेत तथ्य यायचं नसेल, तर उद्योगासोबत निर्णय घेण्याचा अधिकारही मुलांकडे यावा लागतो. त्याही आधी, १९१५ च्या सुमारास अमेरिकेत तत्त्वज्ञ आणि शिक्षणविचारक जॉन ड्युई हेच भांडत होते. मुलांना आहे त्या कारखानदारीत बसवण्यापुरतं व्यवसाय शिक्षण त्यांना मान्य नव्हतं. ती कारखानदारी बदलण्याची ताकद मुलांना मिळावी, असं ते सांगत. त्याच सुमारास बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात त्यांचे विद्यार्थी होते.

इथवरचं एका ओळीत: माप सगळ्यांना सारखं, हुकमाला कारण, झाडू सगळ्यांच्या हातात. एवढं वर्कशॉपमध्ये असेल तर तुमच्या तासाला जमीन मिळते. आता तुमच्या तासाबद्दल.

सगळ्या तुकड्यांना एकच संविधान एकाच पद्धतीने शिकवू नका. ज्या कलमाला ज्या व्यवसायात हात-पाय फुटतात, तिथून धरा. नळ कारागिराच्या तुकडीत कलम १७ घ्या. अस्पृश्यता नष्ट झाली हे वाक्य पाठ करून कोणालाच काही होत नाही. पण गटार किंवा सेप्टिक टँक तुंबला की माणूस आत उतरवतात, वायूने तो मरतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय असं उतरवायला बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूला दहा लाख रुपये भरपाई ठरवली आणि २०२३ मध्ये ती तीस लाख केली, हे सांगितलं की तुकडी शांत होते. मग विचारा, ‘उद्या ठेकेदाराने तुला सांगितलं, एखादा माणूस आण आणि आत उतरव, तर तू काय करशील?’ याचं उत्तर मुलांना देता आलं पाहिजे, कारण हा प्रसंग त्यांच्यावर खरंच येणार आहे.

वीजतंत्रीच्या तुकडीत सगळ्यांना घरचं वीजबिल आणायला सांगा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क, एकेक ओळ फळ्यावर लिहा. हे दर कोण ठरवतं? मुलं ‘सरकार’ म्हणतात. मग राज्य वीज नियामक आयोगाबद्दल सांगा. २००३ च्या वीज कायद्यानुसार दर ठरवण्याआधी आयोगाला लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घ्याव्या लागतात, जनसुनावण्या होतात, साधा ग्राहकही हरकत पाठवू शकतो. आमच्या मुलांनी एका वर्षी सरावासाठी हरकतीचं पत्र लिहिलं होतं. भाषा ओबडधोबड होती, पण केव्हीए आणि किलोवॅटमधला फरक त्यांना नीट माहीत होता आणि त्यामुळे पत्राला वजन होतं. पदवीच्या वर्गातली मुलं असं पत्र गुळगुळीत भाषेत लिहितील, पण त्यात मीटरची माहिती असेलच असं नाही. तुमच्या मुलांना कमी लेखू नका, ताई. लोकशाहीतले निम्म्याहून जास्त वाद पाणी, वीज, रस्ता, घर यांचे असतात आणि त्या गोष्टी कशा बनतात हे तुमच्या वर्गातल्या मुलांना कळतं.

याचा एक प्रसंग सांगतो. नळ कारागीर व्यवसायातल्या एका मुलाच्या गावात जल जीवन मिशनची पाइपलाइन टाकणं चाललं होतं. या मिशनमध्ये माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी घरात यावं असं ठरलेलं आहे. मुलाला पाइपवर छापलेलं वाचता येत होतं: व्यास, दर्जा, दाब सोसण्याचा वर्ग. त्याने अंदाजपत्रकाची प्रत ग्रामपंचायतीकडे मागितली आणि त्यात दाबाचा वर्ग वेगळा लिहिलेला दिसला. तो वर्गात येऊन मोठ्याने म्हणाला, ‘चोरी चाललीय.’ मी म्हटलं, ‘तुझं माप आलंय, दुसऱ्याचं अजून आलेलं नाही. ग्रामसभेत विचार. आरोप करू नको, आकडे वाच.’ त्याने कागदावर दोन ओळी लिहून नेल्या आणि त्या ग्रामसभेत वाचल्या. तिथे कळलं की काही भागाचं अंदाजपत्रक सुधारलं होतं आणि तेवढ्या लांबीत कमी दाबाचा पाइप मंजूर होता. पण सुधारित कागद गावात कोणीच पाहिलेला नव्हता. तो पुढच्या सभेत वाचला गेला, आणि खोदलेल्या चराची खोली लोकांसमोर टेप लावून मोजली गेली. एका ठिकाणी ती कमी भरली, तिथे पुन्हा खोदलं. मुलगा निम्मा बरोबर होता, निम्मा नव्हता. मला त्या प्रसंगातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. त्याने न घाबरता विचारलं, उत्तर ऐकून घेतलं आणि स्वतःचं म्हणणं दुरुस्त केलं.

माहितीच्या अधिकाराचा कायदा शिकवताना बहुतेक जण अर्ज, दहा रुपये आणि तीस दिवस एवढ्यावर थांबतात. २००५ च्या या कायद्यात माहितीच्या अधिकाराची जी व्याख्या आहे, तिच्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही आहे. गवंडीकाम, आरेखक स्थापत्य, नळ कारागीर या तुकड्यांसाठी ही ओळ फार मोठी आहे. नमुना घेण्याचा हक्क सगळ्यांना आहे, पण त्या नमुन्यात काय बघायचं हे या मुलांना कळतं.

आता सगळ्यात निकडीचं. आयटीआय झाल्यावर बरीच मुलं शिकाऊ उमेदवारीला (अप्रेंटिसशिप) जातात. करारनामा ऑनलाइन होतो, सही होते आणि कोणी तो वाचत नाही. तुमच्या तासातला एक पूर्ण तास त्या करारासाठी काढा आणि तो मोठ्याने वाचून घ्या. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. म्हणजे बरेचसे कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. हे मुलांना आधी कळायला हवं, नाहीतर पहिल्या भांडणात तोंडघशी पडतात. पण आरोग्य आणि सुरक्षेच्या तरतुदी त्यालाही कामगारासारख्याच लागू आहेत, कामावर इजा झाली तर भरपाईचा हक्क आहे, आणि करारावरून वाद झाला तर तो शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे नेता येतो. विद्यावेतनाचा किमान आकडा नियमांत ठरलेला असतो. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्यांसाठी तो महिना ७,००० रुपये होता. तो वेळोवेळी बदलतो, म्हणून तास घ्यायच्या दिवशी शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवरून ताजा आकडा काढून मुलांसमोर ठेवा. मुलींच्या तुकडीत आणखी एक गोष्ट न चुकता सांगा: कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ‘कर्मचारी’ या व्याख्येत प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ उमेदवार दोघंही येतात, आणि दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असावीच लागते. मुलांच्या तुकडीतही हे सांगा.

जर्मनीत कंपनीत शिकणाऱ्या उमेदवारांना स्वतःचे प्रतिनिधी निवडण्याचा कायदेशीर हक्क आहे. किमान पाच शिकाऊ किंवा अल्पवयीन कर्मचारी असतील आणि तिथे कामगार परिषद असेल, तर दर दोन वर्षांनी ही निवडणूक होते. तिथे कंपनीबरोबर व्यवसाय शाळेत जावं लागतं आणि त्या शाळेत राजकारण-समाज हा विषय असतो. म्हणजे वर्गात निवडणूक शिकायची आणि कामावर ती लढवायची. आपल्याकडे शिकाऊ उमेदवाराला तसा हक्क नाही. आपल्या संविधानाच्या ४३क कलमात उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा असं मार्गदर्शक तत्त्व १९७६ पासून आहे, पण शिकाऊ उमेदवार त्यापासून अजून फार लांब आहे. तो हक्क मिळायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर निदान आयटीआयमध्ये सराव होऊ शकतो. प्रत्येक तुकडीतून सुरक्षा प्रतिनिधी गुप्त मतदानाने निवडा. महिन्यातून एकदा अर्धा तास बैठक, अजेंडा फळ्यावर, इतिवृत्त वहीत. मुलांनी मांडलेल्या अडचणीचं काय झालं हे पुढच्या बैठकीत पहिल्यांदा वाचायचं. मागण्या साध्याच असतात: पिण्याचं पाणी, ग्राइंडरची काच, मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी, बस सुटते म्हणून दहा मिनिटं लवकर. यातल्या एकाचंही उत्तर लेखी मिळालं, तरी मुलांना सभेचा अर्थ कळतो. उत्तर कधीच मिळालं नाही तर मात्र ही बैठक बंद ठेवलेली बरी. नावापुरती सभा मुलांना लोकशाहीबद्दल जे शिकवते, ते पुसून काढायला फार वर्षं लागतात.

शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाची पद्धत जमल्यास जाऊन बघा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. तिथे मुलं काम करत शिकतात आणि शिकत असतानाच गावाला उपयोगी सेवा देतात. ज्याचं काम केलं तो माणूस समोर उभा असतो, आणि काम बिघडलं तर त्याला उत्तर द्यावं लागतं. उत्तरदायित्व हा शब्द आपण फळ्यावर लिहितो, तिथे तो गिऱ्हाईक होऊन येतो. तुमच्या संस्थेत एवढं जमणार नाही, पण वीजतंत्रीच्या मुलांनी जवळच्या जिल्हा परिषद शाळेचं वायरिंग निदेशकांसोबत तपासून मुख्याध्यापकांना लेखी अहवाल देणं जमण्यासारखं आहे.

जोडारीच्या निदेशकांशी भांडू नका. त्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे. मुलाच्या हातात काम नसेल तर तो कोणाच्या तरी मेहेरबानीवर जगतो, आणि मेहेरबानीवर जगणाऱ्याला ताठ मानेने मत मांडणं फार जड जातं. चांगली फायलिंग येणं ही त्याच्या स्वातंत्र्याची पहिली पायरीच आहे. म्हणून त्यांच्या प्रात्यक्षिकाचा वेळ मागू नका. दहा मिनिटं त्यांच्या वर्कशॉपमध्ये उभं राहायची परवानगी मागा. मुलं मापं कशी घेतात, हत्यारं कशी वाटली जातात, प्रश्न कोण विचारतं आणि कोण कधीच विचारत नाही, हे बघा आणि तुमच्या तासाची उदाहरणं तिथून उचला. निदेशकांनाच एखाद्या तासाला बोलवा आणि त्यांच्या नोकरीतल्या एखाद्या अपघाताबद्दल बोलायला सांगा. ते तुमच्यापेक्षा जास्त परिणामकारक नागरिकशास्त्र शिकवून जातील आणि पुढच्या वेळी तुमच्या बाजूने उभे राहतील.

राहिला मार्कांचा प्रश्न. मुलांना खरं तेच सांगा: परीक्षेत याला गुण आहेत, पण फार नाहीत. मग लगेच मतदार नोंदणीचा नमुना ६ हातात द्या. तुमच्या वर्गात सतराच्या पुढची बरीच मुलं असतील. आता सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो आणि वर्षातून चार तारखांना, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, अठरा पूर्ण झालेल्यांचं नाव यादीत येऊ शकतं. अर्ज वर्गातच भरून घ्या. त्याच दिवशी प्रत्येकाला आपापल्या गावच्या पुढच्या ग्रामसभेची तारीख आणि मागच्या सभेचे ठराव विचारून यायला सांगा. शहरातल्या मुलांना आपल्या प्रभागाचा नगरसेवक आणि कनिष्ठ अभियंता कोण ते शोधून यायला सांगा. अर्ध्या मुलांना ग्रामसेवक ‘तुला कशाला हवंय?’ विचारेल. पुढचा तास तिथून सुरू करा.